बिजागऱ्या

विद्यापीठातल्या लोकांनी सांगितलंय,
ओविदियाबाईंबद्दल पाच मिनिटं बोला.
मी वाल्पाराइसोच्या टेकडीवर रुळांवरची लिफ्ट चालवतो.
एक डबा वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो,
एवढंच मानसशास्त्र मला ठाऊक.

तरी सांगतो.

त्या आल्या तेव्हा मी नऊ वर्षांचा,
रोज रात्री अंथरूण ओलं करणारा.
त्यांच्या काखेत प्रश्नांचा गठ्ठा होता,
माणशी एकशे बारा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन.
त्रान्सितो धुणं धूत होती.
साबणाचे हात तसेच ठेवून म्हणाली,
"उत्तरं घेऊन कुठं जाणार, बाई?"
बाई उभ्याच राहिल्या.
मग पिळायला चादरीचं दुसरं टोक धरलं.

गठ्ठा वाया गेला नाही.
त्या पाठकोऱ्या कागदांवर
सामायिक हंड्याचा हिशेब चढला:
मसूर चार किलो, कांदे, खाटकाकडून उधार हाडं,
कुणाच्या घरी आज किती तोंडं.

आई मला त्यांच्या पत्र्याच्या दवाखान्यात घेऊन गेली,
शरमेनं, तोंडाला पदरासारखी शाल लावून.
बाईंनी अंथरुणाचं नावच काढलं नाही.
विचारलं, रात्री काय ऐकू येतं रे?
मी म्हटलं, माती.
जूनच्या गारठ्यात घळीवर पाणी कोसळलं
की आमच्या भिंतीमागं माती हळूहळू सरकायची.
शेजारच्या एफ्राइनला विचारलं. माती.
विधवा ओयार्सुन झोपेच्या गोळ्या मागायला आलेली,
तिला विचारलं. तीही माती म्हणाली.
एकवीस घरं त्यांनी विचारून काढली.
मग गोळ्यांच्या कपाटाला कुलूप लावलं
आणि गवंडी शोधायला निघाल्या.

भिंतीला दोन हिवाळे लागले.
जुने टायर, आत ठासून माती, टायरावर टायर.
बाईंच्या तळव्यांना फोड आले.
त्रान्सितो त्यांच्यावर हुकूम सोडायची,
फावडं असं नाही धरत, तुझ्या त्या शाळेत काय शिकवलं?
नकाशा मांडायला जागा नव्हती,
तेव्हा बाईंनी दवाखान्याचं दारच उतरवलं,
चार खोक्यांवर आडवं टाकलं.
बिजागऱ्या चौकटीलाच राहिल्या.

भिंत पुरी झाली, माझं अंथरूण कोरडं झालं.
मध्ये एक रात्र सोडून. खरं तेच सांगायला हवं.

मग ते साल आलं. ट्रक आले.
शिपाई विचारत होते, याद्या कुठायत?
त्रान्सितोनं कागदांचा अख्खा गठ्ठा
धुण्याच्या पिंपात बुडवला आणि वर चादरी टाकल्या.
मसूर, कांदे, एकवीस घरं,
सगळ्याचं निळं पाणी झालं.
त्या चादरी पुढं कधीच पांढऱ्या झाल्या नाहीत.

बाई अकरा वर्षं परमुलखात होत्या,
कुठल्याशा बर्फाच्या गावी, फरशा पुसत.
त्यांची पत्रं यायची, वळणं घेत, दुसऱ्याच्या नावानं.
कसे आहात, असं कधी लिहिलं नाही.
लिहायच्या, भिंत कशी आहे?
आम्ही समजायचो.
एका हिवाळ्यात उत्तर पाठवलं:
खालून तिसरा टायर फुगलाय, पण धरून आहे.
त्या वर्षी त्रान्सितो गेली होती.
ते लिहायचा धीर कुणालाच झाला नाही.

आता तुम्ही भिंतीवर पाटी लावताय.
प्रणेत्या, असं कोरलंय.
मी शब्दकोशात पाहिलं: नवी वाट पाडणाऱ्या.
रागावू नका, पण आमच्या टेकडीवर वाट होतीच,
डोक्यावर धुणं घेऊन बायकांनी तुडवलेली.
ओविदियाबाई ती चढून आल्या.
दमल्या, मधे बसल्या, पुन्हा चढल्या.
परतून आल्यावर पहिल्याच दिवशी
त्या धुण्याच्या पिंपापाशी गेल्या होत्या,
कुणाशी न बोलता.

चौकट अजून आहे. बिजागऱ्या गंजल्यात.
पोरं येता-जाता त्यांना झोके देतात,
करकर वाजते, हंड्यापाशी कुणीतरी ओरडतं,
कोण आहे ते? आत ये.

पाच मिनिटं झाली असतील.
सहाची पाळी माझी आहे.
वर माणसं खोळंबली असतील,
आणि खालचा डबा सुटल्याशिवाय
वरचा उतरत नाही.